सावित्रीच्या खोऱ्यातले लिहिणारे : महाड-पोलादपूरच्या वारशाचा धागा

१/
महाड म्हटले की रायगड आणि चवदार तळे आठवते. पोलादपूर म्हटले की प्रतापगडाच्या दिशेने चढणारा आंबेनळी घाट आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आठवते. या प्रदेशाची ओळख लढणाऱ्यांचा प्रदेश अशी आहे आणि ती योग्यच आहे. पण याच खोऱ्याला आणखी एक वारसा आहे, ज्याविषयी फारसे बोलले जात नाही : लिहून ठेवण्याचा वारसा. एका राजपुत्राने दगडावर लिहिले, एका कवीने संस्कृतात लिहिले, एका निवृत्त सैनिकाने वृत्तपत्रांत लिहिले आणि एका शाळकरी मुलाने संपादकाला पत्र लिहिले. आजचा धागा या लिहिणाऱ्यांचा. लिहून ठेवल्याने आणि न ठेवल्याने काय घडते, हे शेवटी एका खटल्यात दिसेल.

२/
आधी भूगोल. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूरवरून महाडकडे येते आणि बाणकोटपाशी समुद्राला मिळते. महाडजवळ तिला गांधारी येऊन मिळते. जुन्या काळी महाड हे नदीवरचे बंदर होते. दुसऱ्या बाजूला सह्याद्रीच्या घाटवाटा : वरंधमार्गे भोर, पोलादपूरवरून जावळी-महाबळेश्वर. समुद्राचा माल देशावर चढायचा आणि देशावरचा माल समुद्राकडे उतरायचा, तो या खोऱ्यातून. बंदर आणि घाट जिथे एकमेकांना भेटतात तिथे माणसे थांबतात, वस्ती होते, दानधर्म होतो, भांडणे होतात. आणि या सगळ्यांची नोंद ठेवावी लागते.

३/
पहिली नोंद दगडावरची. मुंबई-गोवा महामार्गावरून महाड जवळ आले की डोंगराच्या कड्यात कोरलेली एक रांग दिसते. ती गांधारपाले येथील बौद्ध लेणी. लहानमोठी मिळून सुमारे ३०. त्यांतील ब्राह्मी शिलालेखात कुमार कान्हभोज विष्णुपालित याच्या दानाची नोंद आहे. काळ साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला. मजकूर थोडक्यात असा की या राजपुत्राने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची दोन टाकी दान केली. स्तुती जवळजवळ नाही. काय दिले, किती दिले आणि कोणी दिले, एवढेच.

४/
या लेखाची भाषा प्राकृत आहे आणि त्यातील दोन शब्द थांबून पाहण्यासारखे आहेत. ‘लेण’ म्हणजे आपले लेणे. ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके. लेणी पाहणाऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द आजही आहे. म्हणजे महाडच्या पहिल्या लिखित नोंदींपैकी एकीत पाण्याचा उल्लेख आहे आणि तोही दान म्हणून. डोंगरात पाणी साठवायचे, ते भिक्षूंसाठी खुले करायचे आणि तसे दगडावर नोंदवायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा. याच गावात अनेक शतकांनी पाण्यावरूनच मोठा संघर्ष होणार आहे.

५/
आता मोठी उडी घेऊन सतराव्या शतकात येऊ. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली आणि तिच्याबरोबर रायरीचा डोंगर हाती आला. तोच पुढे रायगड. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि अवघ्या ११ दिवसांनी, १७ जूनला, गडाखालच्या पाचाडात जिजाऊंनी देह ठेवला. त्यांची समाधी तिथेच आहे. महाड आता राजधानीच्या पायथ्याचे गाव झाले होते. राजधानी आली की तिच्याबरोबर कारकून येतात, पंडित येतात आणि कवीही येतात.

६/
त्यांपैकी एका कवीची समाधी पोलादपुरात आहे : कवींद्र परमानंद, मूळचे नेवाशाचे. महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य रचायला घेतले. कवी काशीत पंडितांना ही कथा सांगत आहे, अशी त्याची मांडणी आहे. रचना पुराणांच्या वळणाची असली तरी नायक कवीच्या समकालीन आहे. नायक हयात असताना लिहिलेले चरित्र म्हणून अभ्यासकांना त्याचे मोल फार. जावळीचे अरण्य, अफजलखानाची स्वारी आणि भेटीचा प्रसंग यांसाठी आजही इतिहासकार ‘शिवभारत’ उघडतात. काव्य असल्यामुळे ते जपून वाचावे लागते, पण ते टाळून पुढे जाता येत नाही.

७/
आणि हे काव्य अपुरे आहे. ३१ अध्याय पूर्ण आहेत आणि ३२व्याचे ९ श्लोक. तिथे ते थांबते. पुढे शतकानुशतके हा ग्रंथ सर्वसामान्य वाचकांच्या नजरेआडच राहिला. त्याचे हस्तलिखित तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात होते. तंजावर हे व्यंकोजीराजांच्या वंशाचे राज्य. सदाशिव महादेव दिवेकर यांनी संपादन केलेले ‘शिवभारत’ १९२७ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. कवीची समाधी पोलादपुरात आणि त्याचा शब्द शेकडो कोस दूर तमिळ मुलखात. लिहिलेले टिकले तरी ते आपल्याच गावात टिकेल याची खात्री नसते. १९२७ हे वर्ष लक्षात असू द्या.

८/
पोलादपूर तालुक्यातील उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर ते पडले. इतिहास शिकणाऱ्यांना येथे एक धडा आहे. जेधे शकावलीसारख्या साधनात या घटनेची नोंद तिथीसह, एकदोन ओळींत येते. सभासदाच्या बखरीत मावळे कडा कसे चढले याचे वर्णन येते, पण घोरपडीचा उल्लेख नाही. यशवंती घोरपड येते ती पोवाड्यात. म्हणून पोवाडा खोटा ठरवून टाकू नका. तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. शकावली सांगते केव्हा घडले. पोवाडा सांगतो की लोकांनी ते कसे आठवले. दोन्ही हवेत, पण कोणते कोणते हे ठाऊक हवे.

९/
महाड तालुक्यातच शिवथरघळ आहे. ‘दासबोधा’चे लेखन या घळीत झाले, अशी समर्थ संप्रदायाची परंपरा. पण मधल्या काळात जागेची ओळख पुसट झाली होती. समर्थ वाङ्मयाचे संशोधक शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. जो ग्रंथ घरोघरी वाचला जात होता, त्याची लेखनाची जागा मात्र शोधावी लागली. ग्रंथ पाठ असतो आणि स्थळ विसरले जाते. वारशाच्या बाबतीत हे वारंवार घडते.

१०/
पेशवाईतही महाड नकाशावर होते. १७९६ मध्ये नाना फडणविसांनी पुण्यातून बाहेर पडून येथे आश्रय घेतला आणि येथूनच राजकारणाची सूत्रे हलवली. महाडचा तह म्हणतात तो याच वर्षीचा. १८०२ मध्ये होळकरांकडून पराभूत झालेला दुसरा बाजीरावही कोकणात उतरला तो महाडच्या वाटेने. १० मे १८१८ रोजी तोफांच्या माऱ्यानंतर रायगड इंग्रजांच्या हाती गेला. गडावरील वाडे आगीत भस्म झाले.

येथवरचे लिहिणारे पाहा : राजपुत्र, राजकवी, संत, मुत्सद्दी. मग ज्यांना गावच्या तळ्यावर पाणीही भरू दिले जात नव्हते, त्यांचा इतिहास कोण लिहिणार होते?

११/
उत्तर महाडजवळच्या रावढळ गावातून आले. गोपाळबाबा वलंगकर हे महार समाजातील, लष्करात नोकरी केलेले. १८८६ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांनी लेखणी हाती घेतली. महात्मा फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. ‘दीनबंधु’सारख्या पत्रांतून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लिहिले. १८८८ मध्ये त्यांची ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका आली. तिचे रूप विलक्षण होते : उच्चवर्णीयांना विचारलेले २६ प्रश्न. येथे विनवणी नव्हती, उलटतपासणी होती. विटाळ शास्त्रात कुठे आहे आणि तो आम्हांलाच का, याचे उत्तर द्या, असा तिचा रोख.

१२/
पुढे लष्करात महारांची भरती बंद झाली तेव्हा १८९४ मध्ये वलंगकरांनी सरकारकडे अर्ज तयार केला. त्यातही इतिहासाचाच आधार घेतला होता : आमच्या पूर्वजांनी शिवाजी महाराजांच्या काळापासून शस्त्र धरले आहे, ही त्याची बाजू. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली आणि त्यांच्या शेजारी बसायचे कसे, यावरून मोठा गहजब उडाला. १९०० मध्ये ते वारले. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला अजून २७ वर्षे होती, पण त्या सत्याग्रहाचे प्रश्न महाड परिसरात आधीच लिहून झाले होते.

१३/
दुसरा लिहिणारा आणखी लहान. रामचंद्र बाबाजी मोरे, दासगावचे, जन्म १९०३. शिष्यवृत्ती मिळवलेल्या या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेने जातीमुळे प्रवेश नाकारला. त्याने काय केले? वृत्तपत्राला पत्र लिहिले. ते छापून आले, गवगवा झाला आणि शाळेला त्याला घ्यावे लागले, जरी इतर मुलांपासून वेगळे बसवून का होईना. हा मुलगा पुढे ‘कॉम्रेड आर. बी. मोरे’ म्हणून प्रसिद्ध झाला. पण त्याआधी, महाडला परिषद भरवावी आणि डॉ. आंबेडकरांना बोलवावे, यासाठी खटपट करणाऱ्यांत तो आघाडीवर होता. ज्या गावच्या शाळेने दार लावले, त्याच गावात त्याने परिषद आणली.

१४/
आता तळ्याकडे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे नगरपालिकेतील या सुधारक बाजूचे प्रमुख. ठराव झाला, कागदावर आला, आणि कागदावरच राहिला. कोणी तळ्यावर जाण्यास धजेना. म्हणजे लिहून ठेवणे पुरेसे नसते. लिहिलेल्याला पायही लागतात.

१५/
ते पाय २० मार्च १९२७ रोजी चालले. १९ आणि २० मार्चला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. (आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता. नाव बदलले १९८१ मध्ये.) दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परतल्यावर काही वेळातच, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी अफवा गावात उठली आणि प्रतिनिधींवर हल्ले झाले. अनेक जण जखमी झाले. नंतर १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य टाकून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

१६/
या सगळ्यानंतर बाबासाहेबांनी जे केले ते आपल्या धाग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. सत्याग्रहानंतर बरोबर १४ दिवसांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, त्यांचे ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झाले. महाडला काय घडले, दंगल कशी झाली, परिषदेचा अर्थ काय, हे त्यात सविस्तर मांडले गेले. इतरांनी आपल्या वतीने नोंद करावी याची वाट न पाहता ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांनी स्वतःच नोंद केली. तीही महिन्याच्या आत, आठवणी ताज्या असताना. म्हणून महाडचा सत्याग्रह आज आपल्याला इतक्या तपशिलाने सांगता येतो.

१७/
डिसेंबरात पुन्हा परिषद भरायची होती. त्याआधीच गावातील काही सवर्णांनी न्यायालयात दावा लावला : तळे खाजगी स्वरूपाचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची प्रथा अनादी काळापासून आहे. १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी ती दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. ते गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांच्या हस्ते. न्यायालयाचा मान राखून तळ्यावर पुन्हा जाणे मात्र स्थगित ठेवले गेले. प्रश्न आता न्यायालयात होता आणि न्यायालयात इतिहास सिद्ध करावा लागतो.

१८/
खटला जवळजवळ १० वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला. (१९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींवरील राजद्रोहाचा खटला चालवणारे ब्रूमफील्ड तेच.) वादींनी अलीकडच्या काळातील वहिवाट दाखवली. पण ती अनादी असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही. अपील फेटाळले गेले. ‘हे पूर्वापार असेच आहे’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! न्यायालयाने विचारले, पूर्वापार म्हणजे कधीपासून आणि पुरावा काय? त्या प्रश्नासमोर ते वाक्य टिकले नाही.

१९/
आता दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. त्या शेजारी ठेवणे माझे, न्यायालयाचे नव्हे. गावाबाहेरच्या डोंगरावर एका राजपुत्राचा लेख आहे. पाण्याची टाकी कोणी दिली हे तो सांगतो, सतराशेहून अधिक वर्षांनंतरही. गावातल्या तळ्याविषयी मात्र ‘अनादी’ म्हणवणाऱ्या प्रथेला एकही तसा आधार दाखवता आला नाही. आणि १९२७ हे एकच वर्ष पाहा. त्या वर्षी पोलादपूरच्या कवीचे ‘शिवभारत’ छापून लोकांसमोर आले आणि त्याच वर्षी महाडच्या बहिष्कृतांचे स्वतःचे पत्र सुरू झाले. एका खोऱ्याचे दोन आवाज, एक अडीचशेहून अधिक वर्षे दबलेला आणि दुसरा त्याहून कितीतरी अधिक काळ. वारसा म्हणताना त्यांतला एकच निवडला तर खोऱ्याचा अर्धाच इतिहास हाती लागतो.

२०/
हे सारे आज सांगण्याचे कारण पाणीच आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि वाहने माणसांसह वाहून गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक जीव गेले. माणसांच्या हानीपुढे कागदांचे दुःख कोणी करत नाही आणि ते साहजिक आहे. पण पूर घरात शिरतो तेव्हा सनदा, खातेवह्या, पत्रे, छायाचित्रे हीही चिखलात जातात. वीरगळ आणि समाधीचे दगड रस्तारुंदीच्या कामात हलतात. आणि दरडीखाली गाव गेले की त्याची आठवण सांगणारेही जातात.

२१/
म्हणून या भागात राहणाऱ्या किंवा फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला काही सूचना.

शिलालेखावर खडू, तेल, पीठ लावू नका. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात छायाचित्र घ्या, अक्षरे आपोआप उठून दिसतात.

घरात मोडी कागद असतील तर वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत देऊ नका. आधी छायाचित्रे काढा आणि दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडेही एक प्रत ठेवा. ‘शिवभारत’ तंजावरात राहिले म्हणून वाचले, हे विसरू नका.

आजी-आजोबांकडून ऐकलेले लिहिताना सांगणाऱ्याचे गाव आणि तारीख नोंदवा.

आणि लिहिताना स्वच्छ सांगा : हे समकालीन साधनातले, हे नंतरच्या बखरीतले, हे पोवाड्यातले, हे गावात ऐकलेले.

२२/
गांधारपाल्याच्या लेखात अलंकार नाहीत. वलंगकर निवृत्त सैनिक होते. मोरे वृत्तपत्राला पत्र लिहिले तेव्हा शाळेत जाणारे पोर होते. या खोऱ्यात लिहिण्यासाठी कोणी पदवीची वाट पाहिली नाही. त्यांनी जे पाहिले, दिले किंवा सोसले ते नावानिशी आणि वेळेवर लिहिले, म्हणून ते आज साक्ष देते.

पुढच्या वेळी रायगडावर जाताना महाडात तासभर थांबा. लेणी पाहा, मग तळ्याच्या पायऱ्यांवर बसा. एके ठिकाणी पाणी दिल्याची नोंद आहे, दुसऱ्या ठिकाणी पाणी घेतल्याची. दोन्ही ठिकाणे पाहून परतल्यावर तुम्ही काय पाहिले, ते तारखेसह लिहून ठेवा.

धागा समाप्त. तुमच्या गावातल्या अशा विसरलेल्या लिहिणाऱ्यांविषयी ठाऊक असेल तर खाली जरूर सांगा, आधारासह.